खेळांचे रूपांतरकार

रूपांतर हा शब्द आपल्या घरात आला तो नाटकाच्या वाटेने. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला आणि १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधून 'ती फुलराणी' उभी केली. शॉच्या नाटकातली फुलवाली लंडनच्या गल्लीबोळातले इंग्रजी बोलते. ते इंग्रजी जसेच्या तसे मराठीत आणणे ब्रह्मदेवालाही जमले नसते. पुलंनी ते तिथेच सोडले; पण गावंढळ बोलणाऱ्या मुलीला शिष्टांच्या जगात नेऊन उभे करण्यात जी गंमत आणि जी व्यथा होती, ती मात्र घट्ट धरून ठेवली. रूपांतरकाराचे सारे कसब एवढ्यातच आले. काय सोडायचे, आणि काय काही झाले तरी सोडायचे नाही, हे त्याला ओळखता आले पाहिजे.

याच कसबावर पोट भरणारी एक निराळीच मंडळी चाळीसएक वर्षांपूर्वी इंग्लंडात उदयाला आली होती. त्यांतले बरेचसे मिसरूड फुटलेले पोरगेसे तरुण होते. ते नाटकांचे रूपांतर करीत नसत. व्हिडिओ गेमचे करीत. दुकानांतल्या आणि करमणूक-गृहांतल्या भल्यामोठ्या यंत्रांवर नाणे टाकून खेळायचे जे खेळ, ते घरच्या छोट्या संगणकावर खेळता येतील असे करून देणे हा त्यांचा धंदा. कंपन्या त्यांना हे काम उक्ते देत. काम झाले की पैसे, आणि पैसे मिळाले की संबंध संपला. अशा कामगाराला आज आपण 'फ्रीलान्स' म्हणतो.

आता या कामात एवढे अवघड काय होते, असे कोणी विचारील. वाचकहो, ते समजायला थोडे आकडे पाहावे लागतील. कंटाळू नका, आकडे मोठे मौजेचे आहेत.

१९७८ साली जपानच्या तैतो कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' आणला, १९८० साली नामकोने 'पॅकमॅन'. या खेळांचे यंत्र म्हणजे कपाटाएवढे धूड. ते एकाच खेळासाठी घडवलेले असे आणि त्याच्या पोटातली सगळी विद्या त्या एका खेळाच्या दिमतीला असे. याउलट घरगुती संगणक म्हणजे गरिबाचा संसार. एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर कंपनीचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' इंग्लंडात बाजारात आला. त्यातल्या मोठ्या नमुन्याची किंमत होती १७५ पौंड. पडदा म्हणून घरचाच टीव्ही जोडायचा. खेळ साठवलेला असे तो साध्या कॅसेटवर. आपल्याकडे ज्या टेपरेकॉर्डरवर नाट्यगीते ऐकली जात, तसल्याच यंत्रात ती कॅसेट घालायची आणि कर्कश आवाज ऐकत पाच-सहा मिनिटे वाट पाहायची. मग खेळ सुरू.

या स्पेक्ट्रमची स्मरणशक्ती होती ४८ किलोबाइट, म्हणजे ४९,१५२ बाइट. इंग्रजीच्या एका अक्षराला जेवढी जागा लागते तेवढा एक बाइट. त्यातले ६,९१२ बाइट नुसत्या पडद्यावरच्या चित्रालाच लागत. उरलेल्या जागेत खेळाचे नियम, चित्रे, आवाज, शत्रू, गुण, सारे काही बसवायचे. तुलनेसाठी सांगतो: आजच्या संगणकांवर देवनागरीच्या बहुतेक प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. तुम्ही वाचता आहात हा एवढासा लेख जरी त्या यंत्रात साठवायचा म्हटला, तरी त्याची बरीचशी जागा संपून जाईल. आणि त्या पोरांना तेवढ्यात आख्खे युद्ध मांडायचे असे!

जागेची अडचण एक, तर रंगांची दुसरी. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके उमटत. पण आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग चालत. लाल मोटार हिरव्या झाडासमोरून गेली की त्या चौकोनापुरते झाड तरी लाल होई, नाहीतर मोटार तरी हिरवी. रंगपंचमीच्या दिवशी कोणाचा सदरा कोणत्या रंगाचा हे जसे सांगता येत नाही, तशी गत.

हा उपद्व्याप कंपन्यांनी बाहेरच्या माणसांवर का सोपवला, याचेही कारण आहे. मँचेस्टरची ओशन, बर्मिंगहॅमची यू. एस. गोल्ड अशा इंग्रज कंपन्या जपानी आणि अमेरिकन खेळांचे हक्क विकत घेत. हक्कांना पैसा लागे, म्हणून तो लौकर वसूल व्हायला हवा. वसुलीचा हंगाम एकच, नाताळ. आपल्याकडे दिवाळी अंक दिवाळीनंतर आला तर त्याला कोण विचारतो? तसेच ते. त्यातच बाजारात संगणक एक नव्हता. स्पेक्ट्रम होता, कमोडोर ६४ होता, १९८४ पासून ॲमस्ट्रॅडही आला. कमोडोरचा प्रोसेसर निराळ्या जातीचा. स्पेक्ट्रमसाठी लिहिलेली आज्ञावली त्याला म्हणजे कानडी माणसापुढे पाली ग्रंथ. तेव्हा एकाच खेळाची तीन-चार रूपांतरे, तीही एकाच वेळी हवीत. एवढी माणसे बारमाही पगारावर कोण पोसणार? कंपन्यांनी पदरी काही माणसे ठेवली आणि बाकीचे काम बाहेर दिले. मग मधले मुकादमही आले. फर्गस मॅकगव्हर्न यांनी १९८४ साली काढलेली प्रोब ही संस्था त्यांतलीच. मोठ्या कंपनीकडून काम घ्यायचे आणि ते ठिकठिकाणच्या फ्रीलान्स प्रोग्रॅमरांकडून करवून घ्यायचे, अशी तिची सुरुवातीची रीत होती.

काम घेणाऱ्या पोराच्या हाती मूळ खेळाची आज्ञावली सहसा पडत नसे. नाटकाची संहिता न देता नुसता प्रयोग दाखवून 'याचे रूपांतर करा' म्हणावे, तसा हा प्रकार. फार तर ते यंत्र खोलीत आणून ठेवीत, नाहीतर कोणी खेळत असतानाची व्हिडिओ कॅसेट देत. मग एकाने खेळायचे, दुसऱ्याने पाहायचे, चौकटीच्या कागदावर चित्रे उतरवायची, शत्रू कोठून किती वेळाने येतो हे मोजायचे. खेळ शेवटपर्यंत खेळता आला नाही तर शेवटचे दृश्य दिसणारच नाही. म्हणून रूपांतरकाराला आधी पट्टीचा खेळाडू तरी व्हावे लागे, नाहीतर तसा एखादा शोधून आणावा लागे.

घाईने काय होते आणि विचाराने काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. सेगा कंपनीचा 'आउट रन' हा १९८६ चा मोटारीचा खेळ, यू सुझुकी यांनी रचलेला. त्यात दोन बलदंड प्रोसेसर होते आणि मोठ्या नमुन्यात खेळाडूची बैठकसुद्धा मोटारीबरोबर हेलकावे खाई. यू. एस. गोल्डने तो १९८७ च्या नाताळात घरगुती संगणकांवर आणला. स्पेक्ट्रमवरच्या आवृत्तीचे काम प्रोबकडे होते. मूळ खेळातले ठसकेबाज संगीत त्या यंत्राला पेलणारे नव्हते. तेव्हा ते वेगळ्या कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून डब्यात घालून देण्यात आले! खेळ तडाखेबंद खपला. पण त्या खेळाचा आत्मा होता वेग, आणि नेमका तोच वाटेत सांडला होता. विकत घेणाऱ्या पोरांचा हिरमोड झाला तो त्यामुळे.

दुसरा खेळ 'चेस एच. क्यू.' तोही मोटारीचाच; पोलिसांनी चोराचा पाठलाग करायचा. तैतोने तो १९८८ साली काढला आणि ओशनने १९८९ साली घरगुती संगणकांवर आणला. स्पेक्ट्रमवरची आज्ञावली जॉन ओब्रायन या प्रोग्रॅमरने लिहिली. त्याने रंगांचा मोह बहुतांशी सोडला. रस्ता, गाड्या, झाडे जवळजवळ एकरंगी ठेवली आणि वाचलेले सगळे बळ वेगाला दिले. चित्र फिके, पण पाठलाग खरा. स्पेक्ट्रमवरच्या उत्तम खेळांत आजही त्याची गणना होते. पण म्हणून रंग सोडणे हा काही नियम नव्हे. बॉब पेप याने १९८८ साली आयरेम कंपनीच्या 'आर-टाइप' या अवकाशयुद्धाचे रूपांतर त्याच यंत्रावर केले, तेव्हा त्याने रंग राखले. कारण त्या खेळाची मोहिनी त्या विचित्र, रंगीबेरंगी परग्रहवासी राक्षसांत होती. त्याने पुढे या एका रूपांतराच्या हकिगतीवर आख्खे पुस्तक लिहिले. एकाने रंग टाकले, दुसऱ्याने ठेवले, आणि दोघेही बरोबर ठरले. मूळ कलाकृतीचा प्राण कोठे आहे हे दोघांनाही दिसले होते. देवलांना आणि पुलंना दिसले होते, तसेच.

हे झाले कसबाचे. आता नावाकडे येतो, कारण माझ्या मते खरी गोष्ट तेथेच आहे.

देवलांचे नाव नाटकाच्या पुस्तकावर आहे. खेळ करणाऱ्यांचे मात्र तसे नव्हते. अमेरिकेतली अटारी कंपनी सुरुवातीच्या काळात आपल्या प्रोग्रॅमरांची नावे खेळांवर छापीत नसे. ही माणसे तर पगारी नोकर होती. उक्त्या कामाचीही नव्हती. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड हे चौघे, नावही नाही आणि नफ्यातला वाटाही नाही म्हणून, कंपनी सोडून गेले आणि १९७९ साली ॲक्टिव्हिजन ही संस्था उभी राहिली. तिने खेळासोबतच्या पुस्तिकेत कर्त्याचे नावच काय, फोटोसुद्धा छापला. वॉरन रॉबिनेट हा तिथलाच आणखी एक प्रोग्रॅमर. त्याने आपल्या 'ॲडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली केली आणि तिच्या भिंतीवर आपले नाव लिहून ठेवले. कंपनीला पत्ता नव्हता! तो नोकरी सोडून गेला, खेळ बाजारात आला, आणि मग एका खेळाडू मुलाने ती खोली हुडकून कंपनीला पत्र लिहिले. आपल्या लेण्यांत आणि देवळांत एखाद्या कारागिराचे नाव कोपऱ्यात कोरलेले सापडते, तेव्हा जसे चटकन गलबलून येते, तसे मला ही हकिगत पहिल्यांदा वाचताना झाले.

नावाला दुसरीही बाजू आहे. अटारीनेच १९८२ साली 'पॅकमॅन' घरात आणला, तो टॉड फ्राय याच्याकडून. त्याच्या वाट्याला आली होती ४ किलोबाइटची कॅसेट आणि १२८ बाइटची स्मरणशक्ती. म्हणजे पोस्टकार्डावर बसेल एवढा इंग्रजी मजकूर! चार भुते एकदम दाखवणे यंत्राला जमेना, म्हणून ती आळीपाळीने दाखवावी लागली आणि पडद्यावर सतत लुकलुकत राहिली. लाखो कॅसेटी खपल्या, पण लोक नाराज झाले, आणि दोष आला तो फ्रायच्या माथी. जागा कमी दिली कोणी, हे विचारायला कोणी गेले नाही. नाव असले की यशात वाटा मिळतो, तशा शिव्याही मिळतात.

आपल्या देशात हा धंदा उशिरा आला. डेसिबेल्स या भारतीय कंपनीने १९८६ साली परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा संगणक बाजारात आणला, तो काही हजार घरांत पोचला. पण खेळ बहुधा परदेशीच. पुढे राजेश राव यांनी १९९७ साली बंगळूरला काढलेल्या ध्रुव इंटरॅक्टिव्हने इन्फोग्राम्स या फ्रेंच कंपनीच्या 'मिशन इम्पॉसिबल' या खेळाच्या घरगुती संगणकावरील आवृत्तीचे काम घेतले. मुंबईत विशाल गोंडल यांनी १९९९ साली इंडियागेम्स सुरू केली. २००८ साली 'बायोशॉक' या गाजलेल्या अमेरिकन खेळाची मोबाईलवरची आवृत्ती काढण्याचे हक्क तिच्याकडे आले. त्या काळात बाजारात फोनच्या शेकडो जाती होत्या. प्रत्येकाचा पडदा निराळा, बटणे निराळी. एकच खेळ पुन्हा पुन्हा बेतून द्यावा लागे. त्याला 'पोर्टिंग' म्हणत, आणि मुंबई-पुण्याच्या कित्येक मुलांची पहिली कमाई त्यातून झाली.

आता हे काम आणखी आत, गावापर्यंत आले आहे. कर्जत-मुरबाड रस्त्यावर कशेळे आहे. खांडसच्या वाटेने भीमाशंकर चढणारे लोक तेथूनच पुढे जातात. बाकी भाताची खाचरे आणि बाजारपेठ. तिथला एक मुलगा आमच्या कॉलेजात शिकून गेला. दिवसा नोकरी आणि रात्री घरी बसून उक्ती कामे, असा त्याचा क्रम. गेल्या पावसाळ्यात तो एक करारपत्र घेऊन माझ्याकडे आला. परदेशातल्या एका गृहस्थाचा फोनवरचा खेळ घरगुती संगणकावर चालेल असा करून द्यायचा होता. बोटाने सरकवायचे ते कळफलकाने कसे करावे, उभा पडदा आडवा कसा करावा, हे त्याला चांगले ठाऊक होते. अडले होते ते इंग्रजीवर.

"सर, तुम्ही भाषेचे. जरा वाचून सांगा, मी काय लिहून देतोय ते," तो म्हणाला.

मी वाचले. पैसे सगळे शेवटी, आणि तेही काम 'समाधानकारक' वाटल्यावर. दुरुस्त्या सांगाल तितक्या वेळा. सर्व हक्क मालकाचे. आणि शेवटचे कलम असे की, हे काम आपण केले हे त्याने कोणालाही, कधीही सांगायचे नाही.

त्याचे वडील सोबत आले होते. भातशेती करणारे, मोजके बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "सर, नावाचं काय घेऊन बसलात? नाव चुलीवर ठेवून भात शिजत नाही. पैसे वेळेवर मिळतील ते बघा."

बोलणे चुकीचे नव्हते. ज्याच्या घरात पैसा मोजून येतो त्याने आधी पैशाचेच पाहिले पाहिजे. पण मी त्यांना एवढेच विचारले, "तुमच्याकडे लावणीला माणसे बोलावता, ती कशी निवडता?" ते म्हणाले, "मागच्या साली कोणाच्या शेतात कसं काम केलं, ते विचारून." मी म्हटले, "याला उद्या कोणी तेच विचारले, तर याने काय दाखवायचे?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "हे आलं ध्यानात."

उक्त्या कामाचे मर्म हेच आहे. पगारी माणसाला त्याच्या कंपनीचे नाव असते. सुटे काम करणाऱ्याला आधीच्या कामाखेरीज दुसरे भांडवल नसते. ते नाव काढून घेतले की तो दर वेळी नवशिका ठरतो, आणि मजुरीही नवशिक्याचीच मिळते.

कायदा पाहिला तेव्हा मला स्वतःलाच गंमत वाटली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगणकाची आज्ञावली चक्क 'साहित्यकृती'त धरली आहे! नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे मालकवर्ग. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचा हक्क त्याचाच, तो लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो. आणि हक्क विकला तरी 'हे मी केले' असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार कलम ५७ ने राखला आहे. करार परदेशी कायद्याखाली असेल तर गोष्ट निराळी. म्हणून तेही कलम आधी वाचायचे.

आम्ही तिघांनी बसून उत्तर लिहिले. पैसे तीन हप्त्यांत मिळावेत. मूळ आज्ञावली आरंभीच हाती यावी. दुरुस्त्या दोन फेऱ्यांपुरत्या. आणि खेळाच्या शेवटी जी नावे येतात, त्यांत रूपांतरकार म्हणून त्याचे नाव असावे. आठवड्याने उत्तर आले. पहिल्या तिन्ही गोष्टी मान्य. पडद्यावर नाव देता येणार नाही. मात्र पुढच्या ग्राहकाला हे काम आपले म्हणून दाखवायला हरकत नाही. मुलाने सही केली. मला ते अर्धेच वाटले. त्याला पुरेसे वाटले, आणि निर्णय त्याचा होता.

अशी कामे घेणारी मुले आता आपल्या सगळ्यांच्याच घरांत आहेत. कोणी चित्रे काढतो, कोणी भाषांतर करते, कोणी आज्ञावली लिहितो. दिवाळीत ती घरी आलेली असतील. 'किती मिळतात?' हे आपण त्यांना विचारतोच. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत. पैसे कोणत्या टप्प्याला मिळणार हे लिहून घेतले आहे का? आणि हे काम तुझे आहे, असे तुला उद्या सांगता येईल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर त्या करारावर सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी.